हायड्रेंजियाच्या सोबतीला काय लावावं?

ओसरी
नमस्कार मंडळी. बागकाम विभागात पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. गेल्या वर्षी घर घेतलं तेव्हा आधीच्या मालकीणबाईंनी लावलेली हायड्रेंजियाची तीन मोठी झुडपं आयती मिळाली. घराच्या पूर्वेकडच्या भिंतीलगत, पुढच्या पायऱ्यांपासून कोपऱ्यापर्यंत आहेत. ऊन सकाळी साडेदहा-अकरापर्यंत, मग सावली. जून-जुलैत असे गेंद लागले की रस्त्याने जाणारे थांबून बघायचे. पण नोव्हेंबरात पानं झडली की एप्रिल संपेपर्यंत भिंतीला नुसती काटक्यांची मोळी. समोर पाच फुटांचा पट्टा मोकळाच पडलाय, त्यात लाकडाच्या भुश्याशिवाय काही नाही.

तर तिथे काय लावू? नर्सरीतल्या मुलाने होस्टा आणि लॅव्हेंडर सुचवलं. फोटोत हायड्रेंजिया-लॅव्हेंडर जोडी फार गोड दिसते. सासूबाई जूनमध्ये येताहेत, त्यांना झेंडू हवा आहे. माती चिकणमाती. हरणं येतात, रोज येतात.

आणखी एक: दोन झुडपं निळी आहेत, पायऱ्यांजवळचं मात्र गुलाबी. तिघं एकाच जातीची दिसतात. असं का?

बागबुवा
फोटो टाका आधी. फोटोशिवाय बागेचा धागा हा फाऊल धरला जातो इथे.

खुरपं
ओसरी, मीही न्यू जर्सीतच आहे, त्यामुळे तुझी माती आणि तुझी हरणं दोन्ही ओळखीची.

लॅव्हेंडर विसर. त्याला दिवसभर कडक ऊन, झटकन निचरा होणारी आणि चुन्याकडे झुकणारी माती लागते. हायड्रेंजियाला नेमकं याच्या उलट. एकाला जगवायला पाणी घातलंस की दुसरं मुळाशी कुजणार. फोटो काढायच्या दिवशी दोन्ही सुंदर असतात, तीच बाग ऑगस्टमध्ये बघायला जा.

होस्टा सावलीला उत्तम, पाण्याची आवडही सारखी. पण हरणांना ती आपल्याकडच्या मेथीच्या जुडीसारखी वाटते. रटगर्स विद्यापीठाने हरणं कुठली झाडं किती खातात याची चार गटांतली यादी केली आहे, ती काढून बघ. होस्टा शेवटच्या गटात, म्हणजे 'वारंवार आणि जबर नुकसान'. डॅफोडिल, हेलेबोर, बॉक्सवूड पहिल्या गटात, म्हणजे 'क्वचितच नुकसान'.

निवडताना रंग सगळ्यात शेवटी बघायचा. हायड्रेंजियाची मुळं बारीक, जाळीदार आणि अगदी वरच्या थरात पसरलेली असतात. त्यामुळे शेजारी असा हवा की जो तेवढंच पाणी मागेल, पण वरच्या थरात धक्काबुक्की करणार नाही, आणि एकदा लावला की दरवर्षी उपटून पुन्हा लावावा लागणार नाही. दर मे महिन्यात हंगामी रोपांसाठी बुंध्याजवळ खणत राहिलीस तर मुळं तुटत राहणार. झेंडूचं तेच. शिवाय साडेदहापर्यंतच्या उन्हात तो नुसता उंच वाढेल, फुलं चारदोन.

मग महिने बघायचे. तुझी अडचण जुलैची नाहीच, नोव्हेंबर ते एप्रिलची आहे. सगळे जण हायड्रेंजियाबरोबर फुलणारं काहीतरी शोधतात. तू ती झोपलेली असताना जागं असणारं शोध. फेब्रुवारी-मार्चला हेलेबोर, बर्फ वितळता वितळता फुलतो आणि पानं बारा महिने हिरवी. एप्रिलला डॅफोडिल. त्याची पानं पिवळी पडून लोळायला लागतात तोवर हायड्रेंजियाला पालवी येऊन ती झाकली जातात. जूनअखेर अस्टिल्बी, पिसांसारखे तुरे, ओल आवडते. आणि कायमचा हिरवा म्हणून ख्रिसमस फर्न. इथलाच रानटी नेचा आहे, बर्फातही हिरवा राहतो, हरणं सहसा तोंड लावत नाहीत.

निंबोणी
सोन्याचं हरीण मागून सीतामाईने घोळ घातला, आमच्याकडे साधीच हरणं पुरेशी आहेत. शेजारणीच्या ट्यूलिपच्या कळ्या एका रात्रीत साफ. देठ तेवढे शिस्तीत उभे.

सातारी_कंदी
वा, हायड्रेंजिया! आमचं घर पाचगणीला. आजोबांच्या वेळेपासून मागच्या अंगणात आहेत. खत नाही, औषध नाही, दरवर्षी निळेशार. कारण पायाखालीच आहे. महाबळेश्वर-पाचगणीचं पठार जांभ्याचं. जांभ्यात लोह आणि अ‍ॅल्युमिनियम भरपूर, अ‍ॅल्युमिनियमचं खनिज बॉक्साइट त्याच घराण्यातलं. वर पावसाने चुना केव्हाच धुऊन नेलेला, माती आम्ल. आम्ल मातीत अ‍ॅल्युमिनियम विरघळतं, मुळांवाटे फुलात चढतं आणि फूल निळं होतं.

सोबतीला काय म्हणाल तर आम्ही मुद्दाम फारसं लावलेलं नाही. गडग्याच्या दगडांतून नेचे आपोआप येतात, पावसाळ्यात रानतेरडा येतो. एका बाजूला सोनटक्का आहे. त्याला ओल आणि अर्धी सावली हीच जागा मानवते, आणि हायड्रेंजियाचे गेंद विटायला लागतात त्या सुमाराला तो फुलतो. वास हायड्रेंजियाला नाही, तो सोनटक्का भरून काढतो.

कुंडीवाला
पुण्यात कोणाची टिकलीये का? आमची पूर्वेची गॅलरी, चौथा मजला. जानेवारीत प्रदर्शनातून आणलेली. मार्चपर्यंत राणी, एप्रिलपासून दुपारी मान टाकते. पानं पिवळी, शिरा हिरव्या. कुंडीत शेजारी काय ठेवता येईल?

खुरपं
ओसरी, गुलाबी झुडपाचं राहिलंच. पायऱ्या काँक्रीटच्या असतील ना? काँक्रीटमधून आणि पायाच्या चुन्यातून वर्षानुवर्षं चुना झिरपतो आणि लगतच्या मातीचा पीएच वाढतो (पीएचचा आकडा जितका कमी, तितकी माती आम्ल). साडेपाचाच्या खाली निळं, साडेसहाच्या वर गुलाबी, अधेमधे जांभळट. सातारी_कंदींनी सांगितलं तेच, फक्त उलट्या दिशेने. रटगर्सच्याच प्रयोगशाळेत माती तपासून मिळते, नमुना टपालाने पाठवायचा.

चंदेरी
मी न्यू जर्सीची नाही, व्हर्जिनियाची. सरळ अझेलिया लावा. दोघांनाही आम्ल माती, दोघांनाही सकाळचं ऊन. अझेलिया एप्रिल-मेमध्ये फुलते, ती संपली की हायड्रेंजिया. आणि गुलाबी झुडपाला अ‍ॅल्युमिनियम सल्फेट द्या, पुढच्या हंगामात तिन्ही निळी. दुकानात पिशवीत मिळतं.

वाफा
चंदेरी, ही दोन्ही वाक्यं स्वतंत्रपणे बरोबर आणि एकत्र धोक्याची आहेत. अ‍ॅल्युमिनियम सल्फेट हायड्रेंजिया पचवते. अझेलिया आणि ऱ्होडोडेंड्रॉनच्या मुळांना तेच अ‍ॅल्युमिनियम बाधतं. शेजारी अझेलिया असेल तर माती आम्ल करायला साधं गंधक वापरावं. सावकाश काम करतं, महिने लागतात, पण शेजाऱ्याचा जीव घेत नाही. उलट बाजूनेही तेच: गुलाबी रंगासाठी चुना टाकला तर अझेलिया पिवळी पडणार. रंगाची औषधं कुंडीत करावीत, जमिनीत शेजारी असतात.

निंबोणी
आणि अझेलिया हरणं खातात.

चंदेरी
आमच्याकडे नाही खाल्ली कधी.

निंबोणी
तुमच्या हरणांना चव नाही. (हलके घ्या.)

ओसरी
बापरे, किती माहिती! पायऱ्या काँक्रीटच्याच आहेत. गुलाबी झुडूप आता मला आवडायला लागलंय, राहू दे तसंच.

सासूबाईंना फोनवर सांगितलं, तर त्या म्हणाल्या चहाचा चोथा घाल आणि मुळाशी गंजके खिळे पूर, सगळी निळी होतील. त्यांच्या माहेरी असंच करायचे म्हणे. खरं आहे का?

वाफा
खिळ्यातून लोह मिळेल, निळेपणा अ‍ॅल्युमिनियमचा आहे. सासूबाईंच्या माहेरची माती मुळातच आम्ल असेल आणि श्रेय खिळ्यांना मिळालं असेल. चहा-कॉफीच्या वापरलेल्या चोथ्यात आम्लपणा फारसा उरत नाही, पण माती भुसभुशीत व्हायला बरा. घालू देत, कुठे बिघडतंय. खिळे मात्र नको, पुढे खुरपताना हाताला लागतात.

टेम्स_काठची_गोदा
लंडनहून होस्टाची बाजू मांडते, कारण इथे तिच्यावर सगळे तुटून पडलेत. हरणं नसतील तर हायड्रेंजियाखाली होस्टासारखं झाड नाही. रुंद, गार, निळसर हिरवी पानं, जमीन झाकली जाते, ओल टिकते. आमचा शत्रू गोगलगाय. जाड पानांच्या जाती घेतल्या तर चाळणी कमी होते.

आमचं नळाचं पाणी चुनखडीचं, किटलीत पांढरा थर बसतो. तेच वर्षभर घातलं की निळी हायड्रेंजिया हळूहळू गुलाबीकडे सरकते. म्हणून पन्हळीखाली पिंप ठेवून पावसाचं पाणी साठवते. कुंडीवाला, तुमच्या पिवळ्या पानांचं कारणही बहुधा पाणीच. बोअरचं आहे का?

कुंडीवाला
बोअर आणि टँकर यांचा संगम. कळलं.

खुरपं
कुंडीवाला, पान पिवळं आणि शिरा हिरव्या म्हणजे लोह उचललं जात नाही, जड पाण्याने माती अल्कधर्मी झाली की होतं. फिल्टरमधून वाया जाणारं पाणी मात्र घालू नका, त्यात क्षार अजून जास्त. पावसाचं मिळेल तेवढं साठवा. एकाच कुंडीत दुसरं झाड नको. हिच्या मुळांना सगळी कुंडी लागते. भोवती वेगळ्या कुंड्यांत नेचा, बिगोनिया, सिंगोनियम दाटीने ठेवा, हवेत ओलावा राहतो. मेमध्ये दुपारी हिरव्या जाळीची सावली.

कामाकुराची_वाट
थोडा वेगळा सूर लावतो. सोबती हवाच कशाला?

मी जपानात राहतो, आणि ही झुडपं मूळची इथलीच. कामाकुराच्या मेइगेत्सु-इन देवळात जूनच्या पावसात गेलात तर पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना फक्त हायड्रेंजिया, तीही बहुतेक एकाच जुन्या जातीची, एकाच निळ्या रंगाची. मध्ये दुसरं फूल नाही. ते निळं इतकं अंगावर येतं की छत्री मिटायची आठवण राहत नाही. घराघरांतही खाली शेवाळं, थोडे नेचे, फार तर हाकोने गवताचा एखादा पुंजका, बस. अमेरिकन बागेत प्रत्येक फुटावर काहीतरी फुललंच पाहिजे ही घाई मला झेपत नाही.

अवांतर: एकोणिसाव्या शतकात नागासाकीला राहिलेल्या सीबोल्ड नावाच्या जर्मन डॉक्टरने या झाडाला 'ओताक्सा' नाव दिलं होतं, त्याच्या तिथल्या सहचारिणीवरून. तिला सगळे ओताकी-सान म्हणत. त्याला देश सोडावा लागला, ती आणि मुलगी मागे राहिल्या. वनस्पतीशास्त्रात ते नाव टिकलं नाही, पण नागासाकी शहराचं फूल आजही हायड्रेंजियाच आहे.

बागबुवा
धाग्यावर एकदम रेशमी रुमाल निघाले.

वाफा
कामाकुरा, देवळाला परवडतं. लोक जूनमध्ये येतात, बघतात, घरी जातात. ओसरीला जानेवारीत बर्फ झाडताना त्याच काटक्या बघायच्या आहेत. बाकी एकाच प्रकारची झाडं दाट लावायची हा तुमचा मुद्दा मात्र पटला. पाच फुटांत दहा जातींची एकेक रोपं लावली की नर्सरीचा टेम्पो सांडल्यासारखं दिसतं. तीन-चार जाती घ्या आणि प्रत्येकीचा घोळका करा.

कामाकुराची_वाट
मान्य. आणि हाकोने गवत नक्की घ्या. पिवळट पानांची जात सावलीत उजळून दिसते, वाऱ्यावर हलते. हायड्रेंजिया ठोकळेबाज झाड आहे, तिच्या पायाशी काहीतरी हलणारं हवं.

जाईजुई
नवीन सभासद. आमची हायड्रेंजिया पानांनी भरलेली असते, पण फूल येत नाही. शेजारी कुठलं झाड लावलं तर फुलेल?

खुरपं
जाईजुई, शेजाऱ्याचा दोष नाही, कात्रीचा असेल. मोठ्या गेंदाच्या जुन्या जातींच्या कळ्या आदल्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात फांदीच्या टोकाशी तयार होतात. गवत कापायला येणारी मंडळी नोव्हेंबरात यंत्राने सगळं गोल गोल छाटून जातात, त्यात पुढचा जुलै जातो. एप्रिलअखेरच्या गोठण्यानेही कळ्या मरतात. वाळलेले गेंद हिवाळाभर तसेच ठेवा. खात्रीने फुलणारं हवं असेल तर शंकूसारख्या तुऱ्यांची पॅनिक्युलाटा किंवा पांढरी अ‍ॅनाबेल घ्या, त्या नव्या फांदीवर फुलतात, छाटल्या तरी बिघडत नाही.

चंदेरी
ओसरी, आजूबाजूला काळा अक्रोड नाही ना? त्याच्या मुळांतून निघणारं जुग्लोन हे विषारी द्रव्य हायड्रेंजियाला आणि अझेलियालाही चालत नाही. नॉर्वे मेपलही वाईट, वरवरच्या मुळांनी सगळं पाणी ओढतो. बारीक पानांचा जपानी मेपल मात्र चालतो. (हरणांबद्दल मी आता काही बोलणार नाही.)

सातारी_कंदी
एक राहिलं. सासूबाईंसाठी झेंडूऐवजी अळू लावा की! ओल, अर्धी सावली, रुंद पान. आमच्याकडे मोरीच्या पाण्यावर वाढतं तेच.

निंबोणी
हसू नका कोणी, ही खरोखर चांगली सूचना आहे. इथल्या नर्सऱ्यांत 'हत्तीचा कान' म्हणून डॉलर मोजून विकतात ते अळूच. काळ्या-जांभळ्या पानांचं निळ्या गेंदाशेजारी काय दिसतं! हरणं फिरकत नाहीत, घसा खवखवतो त्यांचाही. फक्त शोभेच्या जाती खाऊ नका. वड्यांसाठी भारतीय दुकानातून अळकुड्या आणून लावा.

वाफा
चालेल, पण जागा बघून. अळू खादाड आहे, झुडपांमध्ये घुसवलंत तर पाणी आणि खत तेच पळवेल. पट्ट्याच्या टोकाला, पन्हळीचं पाणी पडतं तिथे, हायड्रेंजियापासून तीन-चार फूट सोडून. खणणंही तिथेच होईल, मुळांना धक्का नाही.

ओसरी
अळू! सासूबाई फोनवर एवढ्या खूश कधीच झाल्या नव्हत्या.

बरं, इतकं वाचून असं ठरवलंय. समोरच्या पट्ट्यात हेलेबोर आणि ख्रिसमस फर्न आलटून पालटून नाही, दोन घोळके. कडेने हाकोने गवत. मधल्या जागेत अस्टिल्बी. शरदात डॅफोडिलचे कंद. पायऱ्यांच्या दुसऱ्या बाजूला हिवाळ्यात आकार दिसावा म्हणून दोन बॉक्सवूड. कोपऱ्यात पन्हळीखाली अळू. होस्टा एकच, ती कुंडीत, मागच्या कुंपणाच्या आत. काही चुकतंय का? आमच्याकडे कुत्रा पण आहे, हे सांगायचं राहिलं.

खुरपं
छान आहे. दोन बदल सुचवते. बॉक्सवूडवर करपा फार बोकाळलाय आणि आता त्याची पानं फस्त करणारी अळीही अमेरिकेत आलीये. त्याऐवजी इंकबेरी घे, या राज्यातलीच सदाहरित होली, आम्ल आणि ओल्या मातीत खूश असते. बुटकी जात माग. फक्त काँक्रीटच्या अगदी लगत लावू नकोस, चुना तिलाही नको.

दुसरं, हेलेबोर आणि डॅफोडिल दोन्ही विषारी, म्हणूनच हरणं सोडतात. हायड्रेंजियाची पानंही कुत्र्याच्या पोटाला बरी नाहीत, अळूही नाही. कुत्रा झाडं चघळणारा असेल तर पट्ट्यापुढे बुटकं जाळीचं कुंपण घाल, नाहीतर काळजी नको.

हायड्रेंजियाच्या फांद्या जिथपर्यंत पसरतात त्याच्या बाहेर लाव, छोटी रोपं घे म्हणजे खड्डे छोटे. सगळ्यांना पहिलं वर्ष पाणी नियमित लागेल, झिरपणारी नळी टाकून मग भुसा दोन-तीन इंच, बुंध्याला न टेकवता.

ओसरी
कुत्रा म्हातारा आहे, सोफा सोडून काही चघळत नाही. इंकबेरी पक्की. डॅफोडिल नेमके कधी? आणि अळकुड्या हिवाळ्यात जमिनीतच ठेवायच्या?

खुरपं
डॅफोडिल ऑक्टोबर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, जमीन गोठायच्या आत, सहा इंच खोल. अळकुड्या बाहेर लावायच्या मेच्या मध्यानंतर, थंडीचा शेवटचा तडाखा गेल्यावर. शरदात पहिल्या दहिवराने पानं काळी पडली की खणून काढ, माती झटकून सावलीत वाळव आणि कागदी पिशवीत तळघरात ठेव. गोठू द्यायच्या नाहीत आणि ओल्या ठेवायच्या नाहीत.

सातारी_कंदी
आणि अळवाला चिंच घाला. नाहीतर हरणांचं काय होतं ते कळेल.

बागबुवा
फोटो अजून आलेला नाही, याची नोंद घ्यावी.